घरात गोवर आणि सून पोटुशी: आधी कालनिर्णय काढा

२०२२ सालचं गौरीपूजन. ४ सप्टेंबर, रविवार. बिडाच्या तव्यावर घावन टाकलं होतं तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या वाडीतली माझी चुलत जाऊ.

"अगो, मुंबैच्या पोराच्या कानामागं लाल लाल उठलाय. ताप तर तीन दिस उतरलाच नाय. आनि आमची सूनबाय त्यालाच मांडीवर घेऊन आरत्या म्हनत होती. तिला पाचवा लागलाय. काय करू?"

गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका उपकेंद्रात मी एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी परिचारिका होते. निवृत्त झाले तरी गावाच्या तोंडी मी 'सिस्टर'च आहे, आणि ताप, पुरळ, पोटदुखी यांचे फोन सणावाराला जास्त येतात. जावेला मी म्हटलं, "पोराला आत त्या कोपऱ्यातल्या खोलीत ने. सासूबाईंना त्याच्याजवळ बसव. आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून पेन घे."

तिला वाटलं मी मुहूर्त बघायला सांगतेय.

गोवराचं सगळं तारखांवर चालतं. अंगावर पुरळ दिसतं त्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होते. म्हणजे पोराला नुसती सर्दी आहे, डोळे जरा लाल आहेत, असं म्हणून आपण त्याला कडेवर घेऊन फिरत असतो तेव्हाच तो वाटप करत असतो. पुरळ रविवारी दिसलं, तर चार दिवस मागे जा: बुधवार, ३१ ऑगस्ट. तो नेमका चतुर्थीचा दिवस. गणपती बसला, तीस माणसं माजघरात, टाळ, झांजा, आणि पोर सुनेच्या मांडीवर. तिच्यासाठी दिवस शून्य तो. पेनानं गोल करा.

आता तिथून पुढे मोजा. सहावा दिवस, ६ सप्टेंबर. त्याला दोन गोल करा, कारण ज्या गरोदर बाईच्या अंगात गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही तिला रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतून देता येतात आणि ती सहा दिवसांच्या आत द्यावी लागतात. आमच्या हातात रविवार दुपार धरून दोन दिवस होते, त्यातही रविवार सणाचा. पाचवा दिवस ते एकविसावा दिवस यांच्याखाली रेघ ओढा. तिला लागण झालीच असेल तर ती स्वतः दुसऱ्याला देऊ शकेल असा हा काळ. एकविसावा मात्र शेवटच्या संपर्कापासून मोजायचा. पोर रविवारपर्यंत तिच्या आसपास होतं, म्हणून आमचा एकविसावा २५ सप्टेंबर. इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हा काळ आणखी आठवडाभर लांबतो. दहाव्या दिवसाच्या आसपास ताप आणि चौदाव्याच्या आसपास पुरळ यायचं. थोडं पुढेमागे होतं.

हे चौदा दिवस कुणी शोधले तेही सांगते, मला ती गोष्ट आवडते. उत्तर अटलांटिकमध्ये फेरो नावाची बेटं आहेत, मासेमारी करणाऱ्या माणसांची. १८४६ मध्ये तिथं जहाजातून गोवर आला आणि साधारण ७,८०० वस्तीतली सहा हजारांवर माणसं आडवी झाली. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव होडीनं फिरला आणि कोण कुणाला कधी भेटलं याच्या तारखा लिहीत गेला. त्यातून त्याला कळलं की संपर्कानंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी पुरळ येतं. आणखी एक कळलं: १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी त्यानं पाहिलेल्या कुणालाही पासष्ट वर्षांनी तो परत झाला नाही. म्हणून मी पोराजवळ सासूबाईंना बसवलं. त्यांना लहानपणी गोवर झाल्याचं त्यांच्या थोरल्या बहिणीला नीट आठवत होतं. मात्र "लहानपणी काय तरी उठलं होतं" एवढ्यावर भरवसा ठेवू नका, कारण गोवर आणि कांजिण्या यांची आठवणीत सरमिसळ फार होते.

दुसरं काम फोनचं. दवाखान्यात पाय ठेवण्याआधी फोन.

यात मी स्वतः चुकलेय. नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका खलाशाची बायको, आठवा महिना, घरात मोठ्या मुलीला गोवर. वाटेत भेटली तेव्हा मी सहज म्हटलं, "मंगळवारी लसीकरणाला ये, तेव्हा बघते." मंगळवारी ती आली. ओसरीवर सात-आठ पोटुशा बायका, मांड्यांवर तान्ही पोरं, बाहेर धो धो पाऊस म्हणून दारं-खिडक्या लोटलेल्या. हिचं नाक वाहतंय, डोळे लाल. मी तिचं वजन केलं, रक्तदाब घेतला, आणि तासभर तिथंच बसवून ठेवली. दोन दिवसांनी तिच्या कपाळावर पुरळ उठलं. गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीतल्या हवेत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं जवळ आली तर त्यातल्या नऊ जणांना लागण होते. हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि ओसरीवर सुचणं यात फरक पडला. पुढचे तीन आठवडे मी त्या प्रत्येकीच्या घरी चिखलातून जाऊन कपाळं बघत होते.

तिला स्वतःला न्यूमोनिया झाला. टेम्पोत गादी टाकून रत्नागिरीला नेली, तिथं दिवस भरायच्या महिनाभर आधीच बाळंत झाली. बाळ मूठभर होतं पण तगलं. आता ट्रॉलरवर जातो, मला वाटेत भेटला की "काय सिस्टर" म्हणतो.

तर फोनवर काय सांगायचं: किती महिने झालेत, गोवराच्या रुग्णाशी संपर्क कोणत्या तारखेला आला, एकाच खोलीत किती वेळ होता, आणि लसीची काय माहिती आहे. ताप-पुरळ असेल तर तेही आधीच सांगा. म्हणजे तिला वेगळ्या दारानं, वेगळ्या वेळी, ओपीडी रिकामी झाल्यावर बोलावता येतं. तोंडाला मास्क, शक्य असेल तर एन-९५. एसटीनं नेऊ नका. रिक्षा बरी, पडदे वर बांधून. घरातला ताप-पुरळाचा रुग्ण आशाताईला लगेच कळवा, कारण ताप-पुरळाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारी नोंद होते, नमुना तपासला जातो आणि वाडीतल्या इतर पोटुशा आणि पोरं यांचा शोध घेता येतो. गणपतीत आरोग्यवाले घरी आले तर लोक काय म्हणतील, असं माझ्या जावेला आधी वाटलं. मी म्हटलं, लोक आरतीला येऊन गेलेच आहेत, आता त्यांना कळायला हवं.

लसीचं कोडं

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: लस झालीय का? इथं निम्म्या बायका डावा दंड दाखवतात. डाव्या दंडावरचा तो व्रण बीसीजीचा, क्षयरोगाच्या लसीचा. गोवराच्या लसीचा व्रण राहत नाही. त्यामुळे उत्तर दंडावर मिळत नाही, माहेरच्या ट्रंकेत मिळतं. आईला फोन करून जुनं लसीकरणाचं कार्ड शोधायला लावा, फोटो मागवा. आमच्या सुनेच्या आईनं पत्र्याच्या पेटीतून, रेशनकार्डाच्या जुन्या जाकिटातून ते काढलं. जन्म १९९८, नवव्या महिन्यात गोवराचा एक डोस. दुसरा रकाना रिकामा.

तो रिकामा असणारच. आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण १९८५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात गोवराचा एकच डोस होता. दुसरा डोस २०१० पासून आला. गोवर-रुबेला अशी जोडलस महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत शाळाशाळांत दिली गेली, पण ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतल्यांना. तेव्हा वीस वर्षांची असलेली मुलगी त्यातून सुटली. आज ज्यांना दिवस गेलेत त्यातल्या बऱ्याच जणी अशा एका डोसवाल्या आहेत. नवव्या महिन्यातल्या एका डोसानं साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनी सत्त्याण्णवच्या आसपास. म्हणून एक डोस असला तर घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. रक्तातली गोवराची आयजीजी प्रतिपिंडं तपासून घ्या.

आमचं रक्त सोमवारी सकाळी चिपळुणात काढलं, तिथून मुंबईला गेलं. डॉक्टरांनी अहवालाची वाट न बघता इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल याची चौकशी आधीच करून ठेवली. हे महत्त्वाचं, कारण ते सगळीकडे ठेवलेलं नसतं, महाग असतं, आणि रुग्णालयात दाखल होऊनच घ्यावं लागतं. मंगळवारी संध्याकाळी अहवाल आला. प्रतिपिंडं होती. गरज पडली नाही.

एक ठाम सांगते. गरोदर बाईला गोवराची लस देत नाहीत, कारण तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. कुणाला दिवस गेल्याचं माहीत नसताना लस घेतली गेली तर त्यासाठी गर्भ पाडायचं कारण नाही, फक्त डॉक्टरांना सांगा. घरातल्या इतरांना मात्र लस चालते. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत घेतली तर उपयोगही होतो. लस घेतलेल्या पोरापासून पोटुशीला धोका नसतो, त्यामुळे "घरात पोटुशी आहे म्हणून पोराची लस पुढे ढकलली" हे उलटं शहाणपण करू नका.

पुरळ ओळखताना

आधी तीन-चार दिवस ताप चढता, कोरडा खोकला, नाक गळणं, डोळे लाल आणि उजेड सहन न होणं. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर गोवर जवळपास नक्की. मग पुरळ कानामागून, केसांच्या कडेपासून सुरू होतं आणि तोंड, गळा, छाती, पोट, पाय असं खाली उतरतं. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा आणि हात फिरवा, खरखरीत लागतं. त्यात पाणी भरत नाही. पाण्याचे फोड असतील तर त्या कांजिण्या, आणि त्याही गरोदरपणात कमी लेखायच्या नसतात.

लावणी ते कापणी आमच्याकडे तापाला कारणं अनेक. शेतात उतरलेल्याला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप, आणि डासांचा डेंग्यू. डेंग्यूतही अंगावर पुरळ येतं. "गोवरच असेल" म्हणून पोटुशी बाईला घरी झोपवून ठेवलं आणि लेप्टो निघाला, असं व्हायला नको. ताप आहे आणि दिवस गेलेत, एवढं कारण डॉक्टरला दाखवायला पुरेसं आहे.

मूल ठेवायचं का?

हा प्रश्न मला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात. बहुतेक वेळा विचारणारी सासू असते, सून ऐकत असते.

गोवरामुळे बाळात ठरावीक व्यंग निर्माण होतं असं आढळलेलं नाही. व्यंगाची भीती रुबेलाची, ज्याला जर्मन गोवर म्हणतात, आणि नावामुळेच सगळा घोटाळा होतो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाला मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकामागून एक दिसू लागली, आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता हे त्यानं जुळवलं. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष. पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाला तर दहातल्या नऊ बाळांपर्यंत याचा फटका बसू शकतो. गंमत म्हणजे आईला तो किरकोळ वाटतो: थोडा ताप, फिकट पुरळ, कानामागं गाठी. म्हणून पुरळ उठलं की दोन्हींच्या तपासण्या करायच्या आणि अहवाल हातात येईपर्यंत कुणीही, विशेषतः शेजारणीनं, गर्भ पाडण्याचा सल्ला द्यायचा नाही.

गोवराचा धोका वेगळ्या बाजूनं येतो. तो आईच्या फुफ्फुसावर बसतो. पोट वर चढलेलं, श्वास आधीच अपुरा, त्यात न्यूमोनिया. गरोदर नसलेल्या त्याच वयाच्या बाईपेक्षा पोटुशीला रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची, जीव जाण्याची शक्यता जास्त असते. बाळाच्या बाबतीत गर्भपात, दिवसांआधी कळा येणं, वजन कमी भरणं, आणि कधी पोटातच बाळ जाणं. बाळंतपणाच्या अगदी तोंडावर गोवर झाला तर बाळ गोवर घेऊन जन्मू शकतं किंवा पहिल्या दहा दिवसांत त्याला पुरळ येतं. म्हणून शेवटच्या दिवसांत संपर्क झाला असेल तर बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांच्या बरोबरीनं बालरोगतज्ज्ञालाही आधीच कळवायचं. बाळाला प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायचं का, आईजवळ ठेवायचं की वेगळं, दूध पिळून पाजायचं का, हे ते ठरवतात.

झालाच तर

गोवराला मारणारं औषध नाही. विश्रांती, भरपूर पातळ, ताप उतरवणं आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी मनानं देऊ नका. मीठ घालून भाताची पेज, शहाळ्याचं पाणी, लिंबूपाणी. कोकमाचं सार चालत असेल तर तेही. जुनी माणसं "देवी आलीय" म्हणून मीठ तोडतात, मासळी तोडतात, सुई टोचू देत नाहीत. त्यांच्याशी मी भांडत नाही. दाराला डहाळी लावायची ती लावा, कारण डहाळी बघून बाहेरचा आत येत नाही, आणि ते मला हवंच असतं. पण जेवण तोडायचं नाही, दवाखाना तोडायचा नाही.

आता एक चूक, जी चांगल्या हेतूनं होते. गोवर झालेल्या पोराला जीवनसत्त्व अ चे डोस देतात, वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस. त्या पिवळ्या औषधाची बाटली बघून माझी जाऊ म्हणाली, "एक चमचा सूनबायला पन दे, ताकद येल." नाही! गरोदर बाईला रोज दहा हजार युनिटच्या वर हे जीवनसत्त्व देत नाहीत. जास्त मात्रेनं पोटातल्या बाळात व्यंग होऊ शकतं. पोराचं औषध पोरालाच.

धाप लागली, श्वास भरभर चालला, छातीत दुखलं, पुरळ उठून तीन-चार दिवस झाले तरी ताप परत चढला, ग्लानी आली, झटका आला, लघवी कमी झाली, पोट दगडासारखं आवळू लागलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली: यातलं एकही दिसलं की १०८ लावा आणि फोनवरच "गोवर आहे, पोटुशी आहे" सांगा. पलीकडच्या काठाला जायचं असेल तर धोपावे-दाभोळ फेरीबोटीची शेवटची फेरी कधी आहे ते संध्याकाळीच विचारून ठेवा. रात्री अकराला ते आठवून उपयोग नसतो.

नवीन लग्न झालेल्या मुलींना मी वेगळं सांगते. दिवस जाण्याआधी कार्ड शोधा. दोन डोस नसतील तर गोवर-गालगुंड-रुबेला अशी एमएमआर लस घ्या, दोन डोसांमध्ये किमान २८ दिवस ठेवा, आणि शेवटच्या डोसानंतर महिनाभर दिवस जाऊ देऊ नका. मोठ्या बायकांसाठी ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, खाजगीत विकत घ्यावी लागते. राहून गेलं तर बाळंतपणानंतर घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर मात्र काही महिने थांबावं लागतं, किती ते डॉक्टरांना विचारा.

त्या गणपतीनंतर दोनेक महिन्यांत मुंबईत गोवंडीकडे, तसंच भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ पसरल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या. माझ्या जावेनं ती कात्रणं कापून देवघराच्या कप्प्यात ठेवलीत. आता दरवर्षी चतुर्थीच्या आठ दिवस आधी ती चाकरमान्यांना एकेक फोन लावते: "कुनाला ताप-खोकला असल तर गाडीत बसू नुको. गनपतीचा फोटो पाठवतंय." गेल्या वर्षी तिचा सख्खा धाकटा दीरच थांबला. अजून रुसलाय.